संघटनात्मक बदल व विकास : संदर्भग्रंथ निवडीचे निकष

प्रस्तावना :
संघटनात्मक बदल व विकास हा व्यवस्थापनशास्त्रातील महत्त्वाचा विषय आहे. महाविद्यालयीन ग्रंथालयाच्या मर्यादित निधीतून एकदा घेतलेल्या प्रती अनेक वर्षे वापराव्या लागतात व अयोग्य निवडीचे परिणाम विद्यार्थ्यांना भोगावे लागतात. म्हणून प्रस्तुत लेखात ग्रंथनिवडीचे तीन निकष मांडले आहेत.

१. ग्रंथाचा हेतू :
जॉन कोटर यांचा ‘लीडिंग चेंज’ (१९९६) नेतृत्वाने बदल कसा घडवावा हे आठ टप्प्यांत सांगतो. फ्रेंच व बेल यांचा ‘ऑर्गनायझेशन डेव्हलपमेंट’ (प्रथमावृत्ती १९७३) निदान, उपाययोजना व मूल्यमापन ही संपूर्ण प्रक्रिया कर्मचाऱ्यांच्या सहभागासह उलगडतो. पहिला पूरक वाचनासाठी, तर दुसरा अध्यापनासाठी उपयुक्त ठरतो.

२. सिद्धान्ताची चिकित्सा :
कर्ट लेविन यांच्या नावे सांगितली जाणारी विरघळणे, बदलणे व पुन्हा गोठणे ही त्रिसूत्री बहुतेक ग्रंथांत आढळते. लेविन यांच्या १९४७ च्या लेखनात तिचा उल्लेख त्रोटक असून तिचा विस्तार उत्तरकालीन लेखकांनी केला, असे कमिंग्ज, ब्रिजमन व ब्राउन यांनी २०१६ मध्ये दाखवून दिले. ही चर्चा टाळणारा ग्रंथ विद्यार्थ्यांना केवळ पाठांतरासाठी आकृती देतो.

३. भारतीय अनुभव :
उदय पारीक व टी. व्ही. राव यांच्या शिफारशींवरून लार्सन अँड टुब्रो कंपनीत १९७५ च्या सुमारास स्वतंत्र मनुष्यबळ विकास व्यवस्था आकारास आली. हा दाखला ग्रंथात आहे काय, हे पाहावे. नागपूरच्या विद्यार्थ्यांसाठी एम्प्रेस मिल ही तर घरचीच कसोटी आहे. १८७७ मध्ये सुरू झालेल्या या गिरणीने १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी व १८९५ मध्ये अपघात भरपाई सुरू केली. तरीही २००२ मध्ये ती बंद पडली. कामगारकल्याणात अग्रेसर असलेली संस्थाही का टिकत नाही, या प्रश्नाचा विचार करण्याची साधने ग्रंथाने दिली पाहिजेत.

निष्कर्ष :
फ्रेंच व बेल यांचा मुख्य ग्रंथ व त्याच्या जोडीला पारीक-राव यांचे लेखन ही निवड समतोल वाटते. मात्र खरेदीपूर्वी प्राध्यापकांनी निदानविषयक प्रकरण स्वतः वाचून ते एम्प्रेस मिलच्या उदाहरणास लावून पाहावे. त्या प्रकरणातून विद्यार्थ्यांना विचारण्याजोगे प्रश्न निघत असतील, तरच ग्रंथाची शिफारस करावी.