बिस्किटाच्या पुड्यातला साप

डिसेंबर २०२३. बँकॉकहून मुंबईत उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात डीआरआयच्या अधिकाऱ्यांना बिस्किटं आणि केकचे पुडे मिळाले. पुड्यांत खाऊ नव्हता. होते नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक!

बॉल पायथन म्हणजे आफ्रिकेतला छोटा अजगर, त्याचे व्हिडिओ तरी आपण बघितलेले असतात. पण हा कॉर्न स्नेक कोण?

त्याचं घर अमेरिकेच्या आग्नेय भागात. न्यू जर्सीच्या पाइनच्या जंगलांपासून थेट खाली फ्लोरिडापर्यंत. केशरी अंगावर काळ्या कडांचे लाल पट्टे, पोटावर बुद्धिबळाच्या पटासारख्या काळ्या-पांढऱ्या चौकटी. हे पोट रंगीबेरंगी मक्याच्या कणसासारखं दिसतं म्हणून 'कॉर्न', असं काहीजण सांगतात. काहींच्या मते तो मक्याच्या कोठारात उंदरांमागे शिरतो, म्हणून. मला दुसरं जास्त पटतं, कारण उंदीर हाच त्याचा मुख्य उद्योग. विष अजिबात नाही; विळखा घालून आवळायचं आणि गिळायचं. दिवसा सैल सालीखाली नाहीतर पडक्या घराच्या पत्र्याखाली ताणून द्यायची, रात्री शिकार.

एवढा कामाचा प्राणी, तरी फुकटचा मार खातो. तिकडच्या विषारी कॉपरहेडशी त्याचं थोडं साम्य आहे, बस्स. आपल्याकडे कवड्याला मण्यार समजून ठेचतात ना, सेम स्टोरी. त्यात जंगलं तुटली. न्यू जर्सीत तर तो संकटग्रस्तांच्या यादीत आहे.

आणि हाच साप पाळीव प्राण्यांच्या दुनियेत मात्र स्टार! तिकडे दुकानात दिसणारे बहुतेक कॉर्न स्नेक पिंजऱ्यातच जन्मलेले असतात. काळं रंगद्रव्य नसलेला लाल-केशरी, लाल नसलेला राखाडी, आणि दोन्ही नसलेला जवळजवळ पांढरा, त्याला 'स्नो' म्हणतात. शाळेतला मेंडेल आठवतोय? तोच फंडा, फक्त वाटाण्याच्या जागी साप.

स्वभाव शांत, भुंकणं नाही, फिरायला न्यायची कटकट नाही. नऊ ते सात नोकरी करणाऱ्याला आणखी काय हवं? पण थांबा. त्याला आठवड्याला उंदीर लागतो, तोही गोठवलेला. म्हणजे तुमच्या फ्रीझरमध्ये, आईच्या खवलेल्या नारळाच्या डब्याशेजारी. काचेच्या पेटीची एक बाजू कायम उबदार हवी. झाकण जरा सैल राहिलं की स्वारी पसार. मग सोसायटीच्या मीटिंगचा अजेंडा तुम्हीच. शिवाय तो सहज पंधरा-वीस वर्षं जगतो. आज पंचविशीत आणलात तर चाळिशीतही त्याचे उंदीर तुम्हीच वितळवणार.

क्यूट आहे, मान्य. तरी कुणी 'मागवून देतो' म्हटलं की मला ते पुडेच दिसतात. असे प्राणी परदेशातून आणायला सरकारी परवाना लागतो. तो नको असतो म्हणूनच बिस्किटांची आयडिया. त्या अकरा सापांना पुन्हा बँकॉकला पाठवायचा आदेश निघाला. म्हणजे दोन विमानप्रवास, तेही कुणाच्या तरी हौसेखातर. आणि कंटाळा आला म्हणून कुणी टेकडीवर सोडून दिला तर? कॅरिबियनमधल्या ग्रँड केमन बेटावर माल आणि झाडांबरोबर पोचलेले कॉर्न स्नेक आता तिथेच वस्ती करून आहेत, स्थानिक पक्षी आणि सरड्यांना खात.

खरं तर याचा एक नातलग आपल्या सह्याद्रीतच राहतो. पूर्वी दोघांनाही 'इलाफे' याच प्रजातीत धरायचे. तोही बिनविषारी, तोही उंदीर खाणारा, तपकिरी अंगावर नाजूक नक्षी. मराठीत त्याचं नाव काय? तस्कर! पण याला कुणी पुड्यात भरायचं नाही. देशी साप पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पावसाळी ट्रेकमध्ये दिसलाच तर लांबून बघा. चिडला की मान फुगवतो, इंग्रजी 'एस'सारखा उभा राहतो आणि नुसत्या आविर्भावावर भल्याभल्यांना मागे सरकवतो.