बेडकाचा पाचवा पाय

मैत्रिणींनो, मुलं बाहेरून खेळून येतात आणि काहीतरी विचित्र पाहिल्याचं सांगतात. आपण कामाच्या गडबडीत "बरं बरं, आधी हातपाय धू" म्हणून विषय संपवतो. आज गोष्ट सांगणार आहे ती अशाच काही मुलांची. त्यांचं म्हणणं मोठ्यांनी मनावर घेतलं, म्हणून पुढे फार मोठं संशोधन झालं.

१९९५ चा ऑगस्ट महिना. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात हेंडरसन नावाचं एक छोटं गाव आहे. तिथल्या एका शेतावर शाळेची मुलं सहलीला गेली होती. तळ्याकाठी बेडूक पकडायचा खेळ रंगला. पण पकडलेले बेडूक नीट उड्याच मारेनात. कुणाचा मागचा पाय गायब, कुणाचा पार वाकडा. मोजले तर जवळजवळ निम्मे बेडूक असे अधू निघाले. शाळेनं ही गोष्ट राज्याच्या प्रदूषण नियंत्रण खात्याला कळवली. बातमी पसरली आणि मग इतर ठिकाणांहूनही तशाच बातम्या येऊ लागल्या. काही बेडकांना तर चक्क जादा पाय फुटलेले!

आता सांगा, तिथल्या आयांच्या काळजात काय झालं असेल? ज्या पाण्यात बेडूक असे जन्मतात, त्याच भागातलं पाणी आपली लेकरं पितात. आजूबाजूला शेती, शेतीवर फवारणी. संशय लगेच औषधांवर गेला. १९९७ मध्ये तर प्रदूषण नियंत्रण खात्यानं त्या भागातल्या काही कुटुंबांना बाटलीबंद पाणी देऊ केलं. कारण तिथल्या पाण्यात वाढवलेली बेडकांची अंडी प्रयोगशाळेत नीट वाढली नव्हती. पाण्यात क्षार कमी असल्यामुळेही असं होऊ शकतं, असा आक्षेप दुसऱ्या शास्त्रज्ञांनी घेतला. खरं काय, ते कुणालाच कळेना.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात पीटर जॉन्सन नावाचा एक तरुण स्टॅनफर्ड विद्यापीठात पदवीचं शिक्षण घेत होता. त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी एका जिल्ह्यातली ३५ तळी पालथी घातली. त्यातल्या चार तळ्यांत अधू बेडूक सापडले. पाण्यात कीटकनाशकं काही मिळाली नाहीत. पण त्या चारही तळ्यांत एका विशिष्ट जातीच्या पाणगोगलगायी होत्या. इथे धागा हाती लागला.

या गोगलगायींच्या पोटात एक परजीवी कृमी वाढतो. त्याचं नाव रिबेरोया. शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्या घरांत 'लिव्हर फ्लूक' हे नाव ऐकलेलं असतं. त्याच जातकुळीतला हा, आणि तोही पाणगोगलगायीच्याच आधारानं वाढतो. याचा संसार मात्र तीन घरांत चालतो. पहिलं घर पक्ष्याचं, म्हणजे बगळ्यासारख्या पाणपक्ष्याचं. त्याच्या विष्ठेतून कृमीची अंडी पाण्यात पडतात. त्यातून निघालेली पिल्लं गोगलगायीत शिरतात. हे दुसरं घर. तिथे त्यांची संख्या अफाट वाढते आणि बारीक अळ्या पाण्यात सुटतात. त्या शिरतात बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लांत किंवा माशांत. हे तिसरं घर.

बेडकाच्या पिल्लाचे मागचे पाय जिथून फुटायचे असतात, नेमक्या तिथेच या अळ्या गाठी करून बसतात. मग पायाची वाढ बिघडते. कधी पाय अर्धवट राहतो, कधी एकाला दोन-तीन फाटे फुटतात. असा लंगडा बेडूक पळणार कसा? तो अलगद बगळ्याच्या चोचीत सापडतो, आणि कृमी पुन्हा आपल्या पहिल्या घरी पोचतो! निसर्गाची ही चाल वाचून माझ्या तर अंगावर काटा आला.

पण नुसत्या अंदाजावर शास्त्र चालत नाही. कृमीमुळे असं होऊ शकतं, ही शंका स्टॅन्ली सेशन्स या शास्त्रज्ञांनी १९९० मध्येच मांडली होती. बेडकाच्या पिल्लांच्या पायाच्या जागी त्यांनी बारीक मणी बसवून पाहिले, तर जादा पाय फुटले होते. जॉन्सननं पुढचं पाऊल टाकलं. त्यानं निरोगी पिल्लं प्रयोगशाळेत ठेवून त्यांच्या पाण्यात मोजून अळ्या सोडल्या. जितक्या अळ्या जास्त, तितकं अधूपण जास्त आणि तितकी पिल्लं दगावलीही जास्त. ज्यांच्या पाण्यात अळ्या नव्हत्या, ती धडधाकट वाढली. १९९९ मध्ये हे संशोधन 'सायन्स' या नामवंत नियतकालिकात छापून आलं.

म्हणजे शेतीतली औषधं निर्दोष सुटली? थांबा, इतकं सोपं नाही. २००२ मध्ये जोसेफ कीसेकर यांनी पेनसिल्व्हेनियातल्या तळ्यांत बेडकाची पिल्लं जाळीच्या पिंजऱ्यांत ठेवली. बारीक जाळीतून अळ्या आत जाऊ शकल्या नाहीत, तिथे एकही पिल्लू अधू झालं नाही. जिथे अळ्या शिरल्या तिथे झाली, आणि शेतातलं पाणी उतरणाऱ्या तळ्यांत ती कितीतरी जास्त झाली. औषधांमुळे पिल्लांची प्रतिकारशक्ती कमी होते, हेही त्यांनी प्रयोगशाळेत दाखवलं. त्यात मॅलेथिऑन होतं आणि ऍट्राझीनही. आपल्याकडच्या फवारणीतली आणि उसातल्या तणनाशकातली ही नावं आपल्या घरातल्या शेतकऱ्याला नवी नाहीत.

२००७ मध्ये जॉन्सन यांनी खतांचा हिशेब मांडला. खतांचा अंश पाण्यात उतरला की शेवाळ माजतं. शेवाळ खाऊन गोगलगायी वाढतात, त्यांच्यातून अळ्याही जास्त सुटतात आणि बेडकांना लागण वाढते. कृमी निसर्गाचाच, पण त्याला खायला-प्यायला घालून पोसलं आपण!

सगळेच अधू बेडूक कृमीमुळे होतात असंही नाही. चतुराच्या अळ्या बेडकाच्या पिल्लांचे पाय कुरतडतात, असं इंग्लंडमधल्या अभ्यासात २००९ मध्ये दिसलं. एकाच्याच डोक्यावर खापर फोडून मोकळं व्हायची आपली सवय इथे उपयोगाची नाही.

मला सगळ्यात आवडलं ते २०१३ मधलं काम. जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातली ३४५ तळी तपासली. बेडकांच्या वर्गातल्या प्राण्यांच्या खूप जाती जिथे एकत्र नांदत होत्या, तिथे या कृमीचा प्रसार कमी जातींच्या तळ्यांपेक्षा ७८ टक्क्यांनी कमी होता. कृमी सगळ्यांमध्ये सारखा फोफावत नाही. त्याला न मानवणारे शेजारी आसपास असले की त्याच्या अळ्या तिथे वाया जातात. भरलेलं गोकुळ असलं की संकट वाटलं जातं, तसंच हे.

मैत्रिणींनो, आपल्या गावातल्या तळ्यावर, ओढ्यावर आपलं लक्ष असतं ते धुण्याभांड्यापुरतं. पण पाण्यावर हिरवी साय धरू लागली, गोगलगायी फार झाल्या, बेडकांचा आवाज कमी झाला, तर ती खूण आपण ओळखायला हवी. शेतातलं जादा खत पाण्यात वाहून जातंय का, हे घरातल्या शेतकऱ्याला विचारायला हवं. आणि एखाद्या संध्याकाळी लेकरू धावत येऊन म्हणालं, "आई, बेडकाला पाच पाय आहेत", तर हातातलं काम बाजूला ठेवून त्याच्याबरोबर बघायला जायला हवं.