तापाची खूण कपड्याआड

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी माझ्या खालाला ताप भरला. शेतात निंदणाला जाऊन आठ-दहा दिवस झाले असतील. डोके ठणकत होते, अंग मोडून आले होते. मलेरिया आणि डेंग्यूची तपासणी केली, काही निघाले नाही. सहाव्या दिवशी आम्ही तिला तालुक्याला नेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी पडदा ओढून विचारले, "अंगावर कुठे काळी खपली आहे का?" खाला आधी नाहीच म्हणाली. मग हळूच म्हणाली, "कमरेला, नाडा बांधते तिथे काहीतरी आहे. मुंगी चावली असेल. दुखत नाही, मग कोणाला काय दाखवायचे?"

त्या खपलीनेच आजार ओळखला गेला : स्क्रब टायफस.

गवतात, झुडपांत राहणाऱ्या एका अतिसूक्ष्म किड्याची अळी चावल्याने हा आजार होतो. तिला चिगर म्हणतात. ती सहसा डोळ्यांना दिसत नाही आणि चावल्याचे कळतही नाही. चावलेल्या जागी आधी पुळी येते, मग ती फुटून मधोमध काळी खपली धरते. कडा लालसर असते. सिगारेटचा चटका बसावा तशी ही खूण दिसते. ती दुखत नाही, म्हणूनच तिच्याकडे लक्ष जात नाही. जवळ अवधाण मात्र येऊ शकते.

ही खूण बहुधा झाकलेल्या जागी सापडते : काख, जांघ, कंबर, स्तनांखाली, गुडघ्यामागे, कानामागे. घामाच्या ओलसर जागी खपली काळी न होता पांढरट-पिवळी उथळ जखम दिसते. काही रुग्णांना खूण नसतेच. त्यामुळे ती सापडली नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

२०१८ साली नागपूर आणि विदर्भात या तापाची मोठी साथ आली होती. वेळेवर ओळखला तर डॉक्सिसायक्लिन या जुन्या, स्वस्त औषधाने ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. गरोदर स्त्रियांना डॉक्टर दुसरे औषध देतात. मनाने कोणतीही गोळी घेऊ नये. उशीर झाला तर फुफ्फुसे, मूत्रपिंडे आणि मेंदूवर परिणाम होऊन जीवही जातो. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही, तेव्हा रुग्णाची ताटवाटी वेगळी करण्याचे कारण नाही.

शेतात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. गवतावर बसू नका, धुतलेले कपडे झुडपांवर वाळत घालू नका. घरी आल्यावर अंग घासून आंघोळ करा आणि अंगावरचे कपडे लगेच धुवा. घराभोवतीचे गवत कापत राहा.

भगिनींनो, हया हा आपला दागिना आहे. पण आजारात गरजेपुरते अंग डॉक्टरांना दाखवण्याची मुभा शरीअतने दिली आहे. डॉक्टरबाई हव्या असतील तर तसे सांगा, पण खूण लपवू नका. घरात कोणाला ताप आला आणि तो उतरत नसेल, तर आईने मुलीला, सुनेने सासूला न लाजता विचारावे आणि पाहावे.

औषध सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी खालाने स्वतःहून चहा मागितला. अल्हम्दुलिल्लाह, आता ती बरी आहे. गल्लीत कोणाला ताप आला की तीच आधी विचारते, "नाड्याखाली पाहिलंस का गं?"