पाहुण्यांचें व्याख्यान आणि गांवचें पाणी

विद्वानांस सन्मानपूर्वक बोलावून त्यांच्या मुखानें ज्ञान श्रवण करण्याची चाल महाराष्ट्रास नवी नाहीं. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्या प्रेरणेनें १८७५ सालीं पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. विद्यापीठांतून होणारीं अतिथि-व्याख्यानें ही त्याच चालीची पुढची पायरी होय. अमेरिकेंत पर्यावरण-अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांची संघटना १९६३ सालीं स्थापन झाली. एखाद्या नामांकित पंडितास निवडून त्यास निरनिराळ्या विद्यापीठांत व्याख्यानें देण्यास धाडावें, असा तिचा प्रघात आहे. पाणी शुद्ध करणें, सांडपाण्याची विल्हेवाट लावणें, हवा व भूमि निर्मळ राखणें, हा या शास्त्राचा विषय. तेव्हां प्रश्न असा कीं, तासाभराच्या अशा व्याख्यानापासून नांदेड-लातूरसारख्या शहरांस काय लाभ व्हावा?

या प्रश्नाचें उत्तर एका पाहुण्याच्याच प्रवासांत सांपडतें. मँचेस्टर येथील रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट फाउलर हे १९१२ सालीं अमेरिकेंत गेले होते. तेथें लॉरेन्स गांवच्या प्रयोगशाळेंत सांडपाण्यांत हवा सोडून तें निवळण्याचे प्रयोग त्यांच्या पाहण्यांत आले. परत आल्यावर त्यांनीं ती हकीकत आर्डर्न व लॉकेट या दोघां सहकाऱ्यांस सांगितली. त्या दोघांनीं तळाशीं बसलेला गाळ फेंकून न देतां तोच नव्या सांडपाण्यांत पुनःपुन्हा मिसळला. त्या गाळांत सूक्ष्म जंतूंचा मोठा समुदाय असतो. त्यांस हवा मिळाली म्हणजे ते घाण खाऊन टाकतात. कालच्या दह्याचें विरजण आजच्या दुधास लावावें, तसाच हा प्रकार. आरंभीं ज्या कामास कित्येक आठवडे लागत, तें कांहीं तासांवर आलें. १९१४ सालीं ही पद्धति प्रसिद्ध झाली, आणि आज जगांतील असंख्य शहरांचें सांडपाणी याच तत्त्वावर शुद्ध होतें. फाउलर स्वतः १९१६ सालीं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत प्राध्यापक म्हणून आले. यावरून दिसतें कीं, पाहुणा फक्त ठिणगी देतो. ऐकणाऱ्यानें दुसऱ्या दिवशीं प्रयोग मांडला, तरच तिचा दिवा होतो. एरवीं सारें पालथ्या घड्यावर पाणी.

दुसरी गोष्ट देशकालाची. पाण्यांत सेंद्रिय घाण किती आहे, हें ती पचवितांना जंतूंस किती प्राणवायु लागतो, यावरून ठरवितात. विलायतेंत पाण्याचा नमुना २० अंश उष्णतेंत ५ दिवस ठेवण्याचा नियम पडला. आपल्या उष्ण देशांत जंतूंचें काम वेगानें चालतें. म्हणून भारतीय मानकांत २७ अंश व ३ दिवस असा नियम आहे. परक्याचें ज्ञान आपल्या हवेस जुळवून घ्यावें लागतें, तें असें. पाहुणा समुद्रापलीकडचाच असला पाहिजे, असेंहि नाहीं. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था १९५८ पासून या विषयांत काम करीत आहे. १९९३ सालचा स्टॉकहोम जल पुरस्कार माधवराव चितळे या मराठी अभियंत्यासच मिळाला.

आतां लातूरचा हिशेब पाहावा. या शहरास मांजरा नदीवरील धरणाचें पाणी मिळतें. २०१६ च्या उन्हाळ्यांत तें धरण आटलें, आणि १२ एप्रिल रोजीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आलें. पहिल्या गाडीस १० टाक्या होत्या. पाणी सुमारें ५ लाख लिटर. २०११ च्या शिरगणतींत शहराची वस्ती पावणेचार लाखांवर होती. त्या मानानें माणशीं वांटणी सव्वा लिटरची, म्हणजे एका तांब्याची. पुढें ५० टाक्यांच्या गाड्या आल्या. त्यांचें २५ लाख लिटर पाणीहि माणशीं एक लहान घागर भरण्याइतकेंच होतें.

उलट, भुयारी गटारें असलेल्या शहरांत दर माणशीं दररोज १३५ लिटर पाणी असावें, असें सरकारी मान आहे. तें पुरें मिळाल्यास लातूरला दररोज सुमारें ५ कोटी लिटर पाणी लागेल. त्यांतील शेंकडा ८० भाग, म्हणजे ४ कोटी लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडेल. मोठ्या गाडीच्या १६ खेपांइतकें हें पाणी एका दिवसाचें! तें तसेंच पिण्यास चालणार नाहीं, हें उघड आहे. परंतु शुद्ध करून शेती, बागा व कारखाने यांस दिलें, तर तितकें धरणांतील पाणी पिण्यासाठीं राखतां येतें. असा हिशेब फळ्यावर मांडणारें व्याख्यान शहराच्या खरोखर उपयोगी पडतें.

नांदेडची गोष्ट निराळी. तेथें गोदावरी आहे, घाट आहेत, आणि गुरु गोविंदसिंहांनीं १७०८ सालीं जेथें देह ठेविला त्या सचखंड हुजूर साहिबचे यात्रेकरूहि आहेत. स्नानाच्या पाण्यांत विरघळलेला प्राणवायु दर लिटरास ५ मिलिग्रॅमहून कमी नसावा, आणि सेंद्रिय घाणीस लागणारा प्राणवायु ३ मिलिग्रॅमहून अधिक नसावा, असें मानक आहे. १९८१ सालीं स्थापन झालेली श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आणि १९९४ सालीं स्थापन झालेलें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ हीं दोन्हीं विष्णुपुरीस, नदीच्या शेजारींच आहेत. पाहुण्यास व्यासपीठावर नेण्यापूर्वीं सकाळीं घाटावर न्यावें. विद्यार्थ्यांनीं वर्षभर दरमहा घेतलेल्या नमुन्यांचे आंकडे त्याच्या हातीं द्यावे, आणि व्याख्यान त्या आंकड्यांवर व्हावें. व्याख्यानाचा सारांश मराठींत करून महानगरपालिकेच्या पाणीखात्यांतील लोकांसहि ऐकवावा. कारण झडपा फिरविण्याचें काम त्यांच्याच हातीं असतें.

शाल व श्रीफळ देऊन पाहुण्याचा मान राखला जातो, आणि तो राखावाच. परंतु जो प्रश्न त्यास विचारावयाचा, तो गांवानें आधीं आपल्याच नदीस विचारलेला असला पाहिजे.