‘कंपनीत आहे’ एवढेच सांगू नका : धातूच्या धुळीमुळे होणारा फुफ्फुसांचा आजार

दवाखान्यात नवीन रुग्ण आला की आम्ही नाव, वय, तक्रार आणि काम विचारतो. भोसरी-चाकणसारख्या औद्योगिक भागात कामाच्या प्रश्नाला बहुतेकांचे उत्तर एकच असते, ‘कंपनीत आहे’. डॉक्टरही तेवढेच लिहून घेतात आणि पुढे जातात. मीही तसेच केले होते.

रुग्णाचे वय 38. चार महिन्यांपासून कोरडा खोकला, विडी-सिगारेट कधीच नाही. मी आधी खोकल्याचे औषध दिले, मग अँटिबायोटिक, मग दम्याचा पंप. थोडा फरक पडायचा आणि पुन्हा तेच. मध्ये त्याने दुसरीकडे एक्स-रे काढला, त्यात डाग दिसले. थुंकीत टीबीचे जंतू सापडले नव्हते, तरी टीबीची औषधे सुरू झाली. त्याने ती सहा महिने नेमाने घेतली. खोकला गेला नाही, वजन मात्र सहा किलोने उतरले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या घरी चढताना दोनदा थांबावे लागू लागले.

तो परत आला तेव्हा पत्नी सोबत होती. ती सहज बोलून गेली, “दिवाळीत दहा दिवस गावी होतो, तेव्हा खोकला जवळजवळ नव्हताच हो डॉक्टर.” तेव्हा मी पहिल्यांदा नीट विचारले की कंपनीत तू हाताने नेमके काय करतोस? तो म्हणाला, “विडियाच्या टूलला धार लावतो. अकरा वर्षं झाली.” हा प्रश्न मी वर्षभर आधी विचारायला हवा होता.

विडिया म्हणजे नेमके काय?

लेथवर किंवा मिलिंग मशिनवर काम करणाऱ्यांना हे सांगायला नको, पण घरच्यांसाठी सांगतो. लोखंड कापायचे तर त्याहून कठीण पाते लागते. टंगस्टन कार्बाइडची बारीक पूड कोबाल्ट नावाच्या धातूत बांधून, दाबून आणि तापवून असे पाते तयार करतात. कोबाल्ट इथे डिंकासारखे काम करतो. 1920 च्या दशकात जर्मनीत हा प्रकार बाजारात आला. ‘हिऱ्यासारखे’ या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून पडलेले ‘विडिया’ हे नाव आपल्या वर्कशॉपमध्ये इतके रुळले की कोणत्याही कार्बाइड टूलला कामगार विडियाच म्हणतात. डॉक्टरी पुस्तकात याला ‘हार्ड मेटल’ म्हणतात.

टूल बोथट झाले की डायमंड व्हीलवर त्याला पुन्हा धार लावतात. त्यावेळी उडणारी धूळ इतकी बारीक असते की ती डोळ्यांना दिसत नाही, नाकात अडकत नाही आणि थेट फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्यांपर्यंत जाते. जी जाड धूळ कपड्यांवर दिसते तिचा धोका तुलनेने कमी असतो.

“आमच्याकडे कूलंट सोडतात, धूळ उडतच नाही,” असे अनेकजण सांगतात. धूळ कमी होते हे खरे. पण कोबाल्ट कूलंटमध्ये विरघळतो. तेच कूलंट टाकीतून दिवसेंदिवस फिरत राहिले की त्यातले कोबाल्टचे प्रमाण वाढत जाते आणि व्हीलभोवती उठणाऱ्या तुषारांतून ते श्वासात जाते. म्हणून ओल्या ग्राइंडिंगवर काम करणाराही आजारी पडू शकतो.

फुफ्फुसात काय होते?

या धुळीचा त्रास दोन तऱ्हेने होतो. पहिली तऱ्हा दम्यासारखी असते. छाती आवळते, शिट्टीसारखा आवाज येतो, कामाच्या दिवशी संध्याकाळी किंवा रात्री खोकला वाढतो. दुसरी तऱ्हा अधिक गंभीर. हवेच्या पिशव्यांच्या नाजूक भिंतींना सूज येते, आणि ती दीर्घकाळ राहिली तर तिथे व्रणासारख्या कडक ऊती तयार होतात. यालाच फायब्रोसिस म्हणतात. फुफ्फुस ताठ होते, पुरेसे फुगत नाही आणि प्राणवायू रक्तात नीट जात नाही. कोरडा खोकला, चालताना धाप, वजन घटणे, थकवा ही याची लक्षणे. काहींच्या बोटांची टोके फुगीर होतात.

हा आजार पहिल्यांदा 1940 मध्ये जर्मनीत नोंदला गेला. दोषी टंगस्टन की कोबाल्ट, यावर बराच काळ वाद होता. 1980 च्या दशकात बेल्जियममधल्या हिरे पॉलिश करणाऱ्या कामगारांत असाच आजार आढळला. ते कोबाल्टच्या चकत्या वापरत होते, त्यांत टंगस्टन नव्हते. त्यामुळे संशयाची सुई कोबाल्टकडे वळली.

आता एक गोष्ट, जी कामगाराला आणि मालकाला दोघांनाही गोंधळात टाकते. एका शेडमध्ये दहा जण तेच काम करतात आणि एकालाच हा आजार होतो. मग मालक म्हणतो, बाकी कोणाला काही नाही, म्हणजे कामाचा संबंध नाही. हा तर्क चुकीचा आहे. हा आजार फक्त किती धूळ गेली यावर ठरत नाही, त्या माणसाचे शरीर कोबाल्टला कशी प्रतिक्रिया देते यावरही ठरतो. जनुकांचाही त्यात वाटा आहे. म्हणून कोणाला दोन-तीन वर्षांत त्रास होतो, तर कोणी वीस वर्षे काम करून ठणठणीत राहतो. शेजारच्या मशिनवरचा माणूस बरा आहे म्हणून तुमचा खोकला खोटा ठरत नाही.

वेल्डिंग करणाऱ्यांचे काय?

सगळ्या धातूंची धूळ सारखी नसते. वर्षानुवर्षे लोखंडाचे वेल्डिंग करणाऱ्याच्या एक्स-रेमध्ये दोन्ही फुफ्फुसांत बारीक ठिपके दिसू शकतात. याला सिडेरोसिस म्हणतात. फिल्म पाहून घरचे घाबरतात, पण निव्वळ लोखंडाच्या कणांमुळे फुफ्फुस सहसा फारसे बिघडत नाही आणि काम थांबल्यावर ठिपके हळूहळू फिकटही होतात. तरी निर्धास्त राहू नका. वेल्डिंगच्या धुराने कर्करोगाचा धोका वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये स्पष्ट केले आहे.

गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर वेल्डिंग केल्यावर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग दुखते, तोंडाला धातूची चव येते आणि एक-दोन दिवसांत सगळे उतरते. हा जस्ताच्या धुराचा ताप. कामगार यावर दूध पितात, धुळीच्या कामावर गूळही वाटला जातो. दूध-गूळ खुशाल घ्या, पण ते जठरात जातात आणि धूळ फुफ्फुसात असते. दोघांची गाठ पडत नाही.

तपासण्या

सुरुवातीला एक्स-रे अगदी स्वच्छ असू शकतो, त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ या वाक्यावर तपास थांबवू नये. फुंकर मारून करायची श्वासक्षमतेची चाचणी आणि छातीचा एचआरसीटी स्कॅन यांतून बरेच कळते. पुढचे काम छातीरोगतज्ज्ञांचे. ते गरज पडल्यास दुर्बिणीने फुफ्फुसातले पाणी तपासायला घेतात. या आजारात त्या पाण्यात एकमेकींत मिसळून आकाराने प्रचंड झालेल्या पेशी दिसतात, आणि त्या दिसल्या तर निदान बरेचसे पक्के होते. काही वेळा लहान तुकडा काढून तपासावा लागतो. लघवीत कोबाल्ट मोजता येतो, पण त्यातून अलीकडे तो किती शरीरात गेला एवढेच कळते, आजार आहे की नाही हे नाही.

आपल्याकडे टीबी इतका आहे की लांबलेल्या खोकल्यात तो आधी तपासायलाच हवा. त्यात चूक नाही. मात्र थुंकीच्या तपासण्या निगेटिव्ह असतील आणि औषधांनी फरक पडत नसेल, तर ‘दुसरे काही असू शकते का?’ हे डॉक्टरांना जरूर विचारा. हा लेख वाचून टीबीची सुरू असलेली औषधे स्वतःहून बंद करू नका. तो निर्णय तपासणीनंतर डॉक्टरांनीच घ्यायचा.

डॉक्टरांकडे जाताना कामाची माहिती लिहून न्या. कोणत्या धातूवर काम, कोणत्या मशिनवर, किती वर्षे, आधी कुठे काय केले, धूर-धूळ ओढणारा पंखा मशिनला आहे का. खोकला सुट्टीत कमी होतो का, हेही लिहा. आजार जुना झाला की सुट्टीतला हा फरक पुसट होतो, म्हणून सुरुवातीचे महिने आठवून सांगा. जुन्या एक्स-रेच्या फिल्म टाकून देऊ नका. मागच्या आणि आजच्या फिल्मची तुलना कधी कधी नव्या तपासणीइतकीच उपयोगी पडते.

उपचार, आणि नोकरीचा प्रश्न

मुख्य उपचार म्हणजे कोबाल्टपासून कायमचे दूर होणे. सूज कमी करायला तज्ज्ञ स्टिरॉइड देतात, पण रोज तीच धूळ आत जात असेल तर गोळ्यांचा उपयोग टिकत नाही. सूज असतानाच काम बदलले तर फुफ्फुस बरेच सुधारू शकते. एकदा फायब्रोसिस झाला की तो भाग परत मऊ होत नाही. तेव्हा आहे ते टिकवणे, फ्लू आणि न्यूमोनियाची लस घेणे, गरज लागल्यास घरी प्राणवायू, एवढेच हातात उरते. म्हणून वेळ इथे फार महत्त्वाची आहे.

काम सोडा, हे सांगायला मला सोपे आहे. घरभाडे आणि मुलांची फी कशी भरायची, हे मला सांगता येत नाही. त्या रुग्णानेही हेच विचारले होते. राजीनामा देण्याआधी त्याच कंपनीत स्टोअर, पॅकिंग, तपासणी असे धूळ नसलेले काम मागा आणि तशी लेखी शिफारस डॉक्टरांकडून घ्या. ‘हार्ड मेटल’मुळे होणारे श्वसनमार्गाचे व फुफ्फुसांचे आजार कामगार नुकसानभरपाई आणि ईएसआयसाठीच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहेत. किती काळ त्या कामावर होता याला तिथे महत्त्व असते. त्यामुळे नेमणुकीचे पत्र, पगाराच्या पावत्या, ईएसआय कार्ड, ठेकेदाराचे नाव असलेला कोणताही कागद जपून ठेवा. ठेकेदारामार्फत काम करणाऱ्यांनी तर जास्तच.

जे अजून त्याच कामावर आहेत त्यांच्यासाठी : तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. नीट बसणारा एन-95 मास्क बरीचशी अडवतो, पण व्हीलजवळच धूळ आणि तुषार ओढून घेणारी यंत्रणा त्याहून महत्त्वाची. सुट्टी व्हायच्या वेळी एअरगनने मशिनवर आणि अंगावर हवा मारायची सवय सोडा, त्याने खाली बसलेली सगळी धूळ पुन्हा नाकासमोर येते. कूलंट वेळच्या वेळी बदलायला सांगा. कामाचे कपडे घरी झटकू नका, वेगळे धुवा.

माझा रुग्ण आता त्याच कंपनीत स्टोअरला आहे, पगार थोडा कमी झाला. खोकला गेला, वजन परत आले. श्वासक्षमता मात्र पूर्ण भरून आलेली नाही आणि तिसऱ्या मजल्यावर चढताना तो अजून एकदा थांबतो. दर सहा महिन्यांनी चाचणी होते. मागच्या वेळी तो आपल्या जुन्या मशिनवरच्या मुलाला सोबत घेऊन आला होता. मुलाला दोन महिन्यांपासून खोकला आहे, एक्स-रे स्वच्छ आहे. त्याला श्वासक्षमतेच्या चाचणीसाठी पाठवले आहे.