चावी फिरवण्याआधीचा एक तास

ब्रह्मपुरीहून वडसा किंवा आरमोरीकडे निघालं, की वैनगंगा ओलांडून गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात शिरावं लागतं. वाघांचा वावर असलेल्या या भागात रात्री गाडी बंद पडली, तर काचा वर करून आत बसून राहण्यावाचून इलाज नसतो. जुन्या गाडीत बसवलेलं, खोलून पुन्हा बांधलेलं इंजिन म्हणूनच इथे जिवाशी जोडलेला विषय ठरतो.

अशी इंजिनं बहुतेक महिंद्राच्या गाड्यांची. जुन्या जीपमधलं 'एक्सडीपी ४.९०' हे प्यूजोच्या परवान्यावर बनलेलं डिझेल इंजिन. नावातच माप आहे: ४ सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर, एकूण २,११२ सीसी. पुढच्या गाड्यांत २,५२३ सीसीचं एमडीआय आलं. दोन्ही साधी, दणकट आणि पुन्हा पुन्हा बांधता येणारी. पण बांधणाऱ्याचा हात कसा होता, हे वरच्या चंदेरी रंगावरून कळत नाही.

असं इंजिन विकत घेताना पहिला प्रश्न विचारायचा तो क्रँकचा. स्टँडर्ड आहे, की ग्राइंड करून दहा, वीस, तीसवर गेलाय? हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागाचे. तीसवर गेलेल्या क्रँकला पुढच्या वेळी फारसा वाव उरत नाही, आणि किंमत ठरवताना हे धरलंच पाहिजे. बोअरिंगचं आणि क्रँक ग्राइंडिंगचं बिल मागावं. ज्याने खरंच काम केलंय, त्याच्याकडे ते असतं.

मग हाताने फिरवणं. हीटर प्लग किंवा नोझल काढून क्रँक पुलीच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावायचा आणि सावकाश पूर्ण दोन फेरे द्यायचे. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतो. जोर सगळीकडे सारखा लागला पाहिजे. एखाद्या जागी टणकन अडलं, तर तिथेच थांबायचं. टायमिंग चुकलं असेल, तर पिस्टन व्हॉल्व्हला भिडतो. टॅपेटही याच वेळी बघून घ्यावेत. चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम हलू लागले, की पहिल्याच्या टॅपेटमध्ये फीलर गेज घालायचा.

सगळ्यात जास्त घाई होते ती ऑइलच्या बाबतीत. नव्याने बांधलेल्या इंजिनाच्या ऑइलवाटा कोरड्या असतात, आणि असं इंजिन थेट सुरू केलं तर बेरिंग पहिल्याच मिनिटात ओरबाडली जातात. त्यासाठी फिल्टर आधी ऑइलने भरून घ्यायचा, डिझेल बंद ठेवायचं आणि दहा-दहा सेकंद स्टार्टर मारायचा. मध्ये स्टार्टरला थंड होऊ द्यायचं. प्रेशरचा काटा उठला तरी समाधान मानू नये. टॅपेट कव्हर उघडंच ठेवून रॉकरकडे बघत राहावं. आधी एका भोकाशी काळसर थेंब जमतो, मग ऑइल पाझरून स्प्रिंगांवर उतरतं. शेवटच्या रॉकरपर्यंत ते पोचलेलं दिसलं, की वरपर्यंतची वाट मोकळी आहे हे नक्की.

पाण्याची परीक्षा मात्र सवडीने करावी. रेडिएटर भरून रात्रभर ठेवावा आणि सकाळी ऑइलची पट्टी बघावी. ऑइल दुधाळ दिसलं किंवा पातळी चढली, तर गॅस्केट, हेड किंवा ब्लॉक यांपैकी कुठून तरी पाणी आत येतंय. मे महिन्यात ब्रह्मपुरीचा पारा ४५ अंशांपुढे जातो. त्या उन्हात असलं इंजिन फार दिवस तग धरत नाही.

शेवटी कागद. ब्लॉकवर ठोकलेला नंबर स्वतः वाचावा. घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला, तर व्यवहार तिथेच सोडावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते. मंजुरीविना बदललं असेल, तर १४ दिवसांच्या आत तिथे कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते.