घरची मोटार भाड्यानें देण्यापूर्वीं

परभणी-जिंतूर रस्त्यावरील आमच्या बोरीसारख्या गांवांत दहा-वीस एकरांच्या धन्याच्या दारीं आतां मोटार दिसूं लागली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ती गाडी वर्षांतील बहुतेक दिवस उभीच असते. विमा, बँकेचा हप्ता व किंमतींतील घट हीं उभ्या गाडीसही चुकत नाहींत. उलट लगीनसराईंत, आषाढीस, औंढा नागनाथ अगर परळीच्या यात्रेच्या वेळीं लोक गाडीची चौकशी करीत दारीं येतात. तेव्हां रिकाम्या दिवसांत ती भाड्यानें द्यावी, असा विचार मनांत येणें स्वाभाविक आहे. हा विचार वाईट नाहीं. मात्र गाडी धुऊन-पुसून उभी केली म्हणजे ती भाड्यास तयार झाली, असा जो समज सर्वत्र आहे, तो दूर व्हावा म्हणून हा लेख लिहीत आहों.

खासगी गाडी व भाड्याची गाडी

मोटारीच्या कायद्यांत या दोन जाती निराळ्या मानल्या आहेत. हा भेद १९३९ च्या कायद्यांतही होता. १ जुलै १९८९ पासून अमलांत आलेल्या १९८८ च्या कायद्यानेंही तो कायम ठेविला. खासगी गाडीची पाटी पांढरी व भाड्याच्या गाडीची पिवळी. अक्षरें दोन्हींवर काळीं. पण पाटीचा रंग ही वरची खूण झाली. खरा भेद परवान्याचा. भाडें घेऊन उतारू नेणाऱ्या गाडीस कलम ६६ प्रमाणें परवाना लागतो. परवान्यावांचून ती चालविल्यास कलम १९२-अ अन्वयें पहिल्याच गुन्ह्यास दहा हजार रुपये दंड व सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे.

सोयऱ्याच्या लग्नास गाडी फुकट दिली, तर तें भाडें नव्हे. तसेंच आजाऱ्यास किंवा जखमी माणसास निकडीच्या वेळीं नेल्यास हें दंडाचें कलम लागत नाहीं. मात्र ती हकीकत सात दिवसांच्या आंत परिवहन प्राधिकरणास कळवावी, असें त्याच कलमांत म्हटलें आहे.

जमिनीवर येणारा बोजा

दंड एकदां भरून सुटतां येतें; अपघाताचें तसें नाहीं. खासगी गाडीच्या विम्याच्या कागदावर वापराची मर्यादा लिहिलेली असते व तींत भाड्याचा वापर वगळलेला असतो. परवाना नसलेली गाडी भाड्यानें चालवितांना कोणी दगावला, तर विमा कंपनीस या अटीवर बोट ठेवून जबाबदारी नाकारतां येते. पुष्कळ वेळां न्यायाधिकरण कंपनीस भरपाई आधीं देण्यास सांगतें व ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा तिला देतें. म्हणजे फिरून बोजा मालकाच्याच माथीं.

यापुढील वाट महसूल खात्यांतून जाते. आमची उमर त्याच दप्तरांत गेली असल्यानें ती अधिक खुलाशानें सांगतों. मोटार कायद्याच्या कलम १७४ प्रमाणें न्यायाधिकरण येणें रकमेचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवूं शकतें, आणि जिल्हाधिकाऱ्यांनीं ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल करावयाची असते. अशी बाकी कोणत्या उपायांनीं वसूल होते, हें महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १७६ मध्यें दिलें आहे: मागणीची नोटीस, जंगम मालाची जप्ती व विक्री, स्थावराची जप्ती व विक्री, इतकेंच नव्हे तर बाकीदाराची अटक. दोन हजार रुपयांच्या भाड्यासाठीं वाडवडिलांची जमीन या वाटेस लावणें शहाणपणाचें नव्हे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत वऱ्हाड बसविणाऱ्यांनींही हें ध्यानांत ठेवावें; शेतकामापुरता उतरविलेला विमा वऱ्हाडाच्या कामीं येत नाहीं.

कागदांची तयारी

प्रथम गाडी कोणाच्या नांवें आहे तें पाहावें. वडील वारले असून ती अजून त्यांच्याच नांवावर असेल, तर जमिनीस जसा वारसाचा फेरफार लागतो तसाच गाडीसही लागतो. त्याच्या अर्जास तीन महिन्यांची मुदत आहे. गाडीवर कर्ज असल्यास बँकेची लेखी संमति घ्यावी. नंतर परभणीच्या परिवहन कार्यालयाकडे गाडी खासगीची भाड्याची करून मिळण्याबद्दल अर्ज करावा व कराचा जो फरक निघेल तो भरून पावती जपून ठेवावी.

त्यापुढें योग्यतेचें प्रमाणपत्र, ज्यास लोक फिटनेस म्हणतात, तें घ्यावें. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत तें दर दोन वर्षांनीं व पुढें दरवर्षीं नवें करावें लागतें. परवाना पांच वर्षांचा असतो. धुराच्या तपासणीचा दाखलाही मुदतींत असावा.

विमा भाड्याच्या वापराचा करून घेतल्यावांचून पहिला उतारू गाडींत बसवूं नये. त्याचा हप्ता अधिक पडतो, हें खरें. २०२२ सालीं केंद्र सरकारनें ठरविलेल्या दरपत्रकांत हजार ते पंधराशें घनसेंटिमीटर इंजिनाच्या खासगी मोटारीस परक्याच्या नुकसानीच्या विम्याचा वार्षिक हप्ता ३,४१६ रुपये होता. तितक्याच इंजिनाच्या भाड्याच्या मोटारीस ७,९४० रुपये व शिवाय दर उतारूमागें ९७८ रुपये होते. चार उतारूंचे मिळून ११,८५२ झाले. हा फरक जमिनीच्या राखणीचा खर्च समजावा.

चालकाविषयीं एक सवलत झाली आहे. साडेसात हजार किलोपर्यंत वजनाची भाड्याची गाडी हलक्या मोटारीच्या साध्या परवान्यावर चालवितां येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें नोव्हेंबर २०२४ मध्यें दिला. तथापि परवाना मुदतींत आहे कीं नाहीं, हें मालकानें स्वतः पाहावें.

चालकाशिवाय नुसती गाडी परक्याच्या हातीं भाड्यानें देण्याची रीत शहरांत व गोव्यांत पुष्कळ आहे. त्या गाड्यांची पाटी काळी व अक्षरें पिवळीं असतात. परंतु १९८९ च्या केंद्रीय योजनेप्रमाणें या धंद्याच्या परवान्यास किमान पन्नास गाड्या लागतात. तेव्हां एका गाडीच्या धन्यानें त्या भरीस पडूं नये.

गाडीची तयारी

कागद पुरे झाल्यावर गाडीकडे वळावें. पावसाळ्यांत आपल्या काळ्या जमिनीचा चिखल चाकांच्या आंत व गाडीच्या पोटाशीं घट्ट बसतो व पत्रा गंजवितो. तो पाण्याच्या जोरानें खालून काढावा. उन्हाळ्यांत धुळीनें हवेची जाळी तुंबते व इंजिन तापतें. म्हणून लगीनसराईपूर्वीं जाळी, तेल व इंजिन गार ठेवणारें पाणी पाहावें. टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरहून कमी झाली असेल, तर तो टायर कायद्यानेंही बाद समजावा. ब्रेक, दिवे व प्रत्येक बैठकीचा पट्टा तपासावा. स्टेपनी, जॅक, पाना, तांबडा परावर्ती त्रिकोण व औषधांची पेटी गाडींत असावी. खतांचीं पोतीं व फवारणीचीं औषधें त्याच गाडींतून नेत असल्यास तें बंद करावें. त्या वासानें उतारू, विशेषतः लहान मुलें, बेजार होतात.

हिशेबाची वही

पुष्कळ लोक डिझेलाचा खर्च वजा जातां जें उरतें त्यास नफा समजतात. समजा, गाडी लिटरला १८ किलोमीटर जाते व डिझेल ९० रुपये लिटर आहे. म्हणजे किलोमीटरला पांच रुपये झाले. चार टायर २४,००० रुपयांचे व ४०,००० किलोमीटर टिकणारे धरल्यास साठ पैसे, आणि दर १०,००० किलोमीटरांस तेल-दुरुस्ती ५,००० रुपये धरल्यास पन्नास पैसे. विमा, कर, परवाना व किंमतींतील घट मिळून वर्षास ९०,००० रुपये धरूं. भाड्याची धांव वर्षास १५,००० किलोमीटर झाली, तर त्याचे किलोमीटरला सहा रुपये पडतात. एकूण १२ रुपये १० पैसे झाले, व यांत चालकाचा पगार आलाच नाहीं. धांव निम्मी झाली, तर सहाचे बारा होतात. म्हणून नऊ रुपये दरानें गाडी देऊन चार रुपये सुटले असें मानणारा गृहस्थ वास्तविक आपल्या गाडीचे तुकडे विकीत असतो. गाडी परत रिकामी येणार असेल, तर दोन्ही वाटांचें भाडें आधींच ठरवावें.

याकरितां वहींत तारीख, निघतांनाचा व परततांनाचा किलोमीटरचा आंकडा, डिझेल, टोल व मिळालेली रक्कम असे रकाने आंखावे. शेतीच्या उत्पन्नास असलेली आयकराची माफी या उत्पन्नास लागत नाहीं, हेंही विसरूं नये.

वर्षांत किती भाडीं मिळतील याचा अदमास आधीं गांवांतच घ्यावा. तो पुरेसा न दिसल्यास गाडी घरचीच राहूं द्यावी. पुरेसा दिसल्यास आधीं कागद, मग गाडी व शेवटीं भाडें हा क्रम मोडूं नये.